पोत्यांचा हिशोब कोणत्या खात्यात?

मोबाइलमधलं कॅलरी मोजणारं ॲप रोज एकच प्रश्न विचारतं : आज व्यायाम काय केला? दिवसभर खुर्चीत बसणाऱ्याला उत्तर सोपं असतं. पण जो पहाटेपासून ट्रक खाली करतो, ऊस तोडतो, विटा वाहतो किंवा चार घरची धुणीभांडी करतो, त्याने त्या रकान्यात काय भरायचं? मधुमेह आणि रक्तदाब आता कष्टकऱ्यांच्या वस्त्यांतही पोचले आहेत आणि दवाखान्यातून प्रत्येकाला एकच सल्ला मिळतो, ‘वजन कमी करा, व्यायाम करा.’ अंगमेहनतीवर जगणाऱ्या माणसाला हा सल्ला कधी निरर्थक वाटतो, कधी अपमानाचा. म्हणून हा वाद नीट व्हायला हवा.

पुढच्या संवादातले बहीणभाऊ काल्पनिक आहेत, वाद खरा आहे. भाऊ पुण्याच्या मार्केट यार्डात भुसार बाजारात हमाली करतो. आक्का त्याची थोरली बहीण, रुग्णालयात आहारतज्ज्ञ आहे.

भाऊ : आक्का, डॉक्टर म्हणाले साखर वाढलीय, पोट कमी करा, रोज अर्धा तास व्यायाम करा. मी दिवसभर पोती वाहतो, आणखी कसला व्यायाम करू? पोराने ॲप टाकून दिलं. व्यायामाच्या रकान्यात मी आठ तास ओझं वाहिलं असं भरलं, तर त्याने ३,९२० कॅलरी जळाल्या म्हणून सांगितलं. आता जेवायचं किती ते तू सांग.

आक्का : आधी तो आकडा आला कुठून ते बघू. स्वस्थ बसलेल्या माणसाचं शरीर दर किलो वजनामागे तासाला साधारण एक कॅलरी खर्च करतं. या मापाला मेट म्हणतात. कुठल्या कामाला किती मेट लागतात याची मोठी यादी १९९३ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी छापली, पुढे ती वेळोवेळी सुधारली. जड ओझं वाहण्याचे धर सात मेट. तुझं वजन ७० किलो. सात सत्ते एकोणपन्नास, म्हणजे तासाला ४९०. आठ तासांचे ३,९२०. गुणाकार बरोबर आहे. पण आठही तास पोतं पाठीवर होतं का?

भाऊ : तसं कसं असेल? गाडी लागली की टोळी भिडते. माल उतरवायचा, थप्पी लावायची. मग वजनकाटा, पावती, चहा, पुढच्या गाडीची वाट. पण गाडीवर असतो तेव्हा मान वर करायला सवड नसते.

आक्का : मग पाठीवरच्या ओझ्याचे अडीच तास धरू. त्यातही तासाच्या ४९० मधले ७० तू नुसता बसून राहिला असतास तरी खर्च झालेच असते. ते वजा कर, उरले ४२०. अडीच तासांचे झाले १,०५०.

भाऊ : बरं, हजार तर हजार. तेवढे व्यायाम म्हणून भरू दे.

आक्का : ते आधीच भरले गेलेत. ॲप सुरू केलंस तेव्हा त्याने कामाचं स्वरूप विचारलं होतं ना, बैठं, मध्यम की जड? तू ‘जड’ निवडलंस. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे २०२० सालचे आकडे माझ्या रोजच्या कामातले आहेत. ६५ किलोच्या पुरुषाला बैठ्या कामात दिवसाला २,११० कॅलरी लागतात, मध्यम कामात २,७१० आणि जड कामात ३,४७०. बैठ्या आणि जड कामात फरक १,३६० चा. चोवीस तासांत मेहनतीने जी भर पडते ती सगळी यात आली. त्यावर व्यायामाच्या रकान्यात आणखी ३,९२० चढवलेस, म्हणजे एकाच गाडीची हमाली दोनदा लावलीस.

भाऊ : दोनदा हमाली लावली तर आडत्या पैसे देणार नाही, हे मला पटतं. पण मग ही घड्याळं काय करतात? पोराच्या मनगटावर आहे एक. ते म्हणे सगळं आपोआप मोजतं.

आक्का : स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१७ साली मनगटावरची सात यंत्रं तपासली. हृदयाचे ठोके बहुतेकांनी बरे मोजले. कॅलरीच्या बाबतीत मात्र सगळ्यांत चांगल्या यंत्राची चूक सरासरी २७ टक्के निघाली आणि सगळ्यांत वाईटाची ९३ टक्के. त्यात तू पोतं घेतोस तेव्हा हात वर करून ते धरून ठेवतोस, मनगट फारसं हलत नाही. पावलं मोजणाऱ्या यंत्राला पाठीवरचे पन्नास किलो दिसत नाहीत. म्हणजे ॲपमध्ये तुझं काम दुप्पट लागतं आणि घड्याळात निम्मं. दोन्हीकडे भरवसा ठेवून ताटातल्या भाकऱ्या वाढवू नकोस आणि कमीही करू नकोस.

भाऊ : कॅलरीचं सोड. माझा खरा प्रश्न वेगळा आहे. व्यायामशाळेत पोरं पैसे भरून वजनं उचलतात, त्याला व्यायाम म्हणायचं. मी पैसे घेऊन उचलतो तर ती नुसती हमाली? वजन लोखंडाचं आहे की ज्वारीचं, हे माझ्या दंडाला कळतं का?

आक्का : दंडाला नाही कळत. जागतिक आरोग्य संघटनेचंही तेच म्हणणं आहे. तिच्या २०२० च्या मार्गदर्शनात प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल करावी असं सांगितलंय आणि त्यात कामावरची, घरातली, येण्याजाण्याची, सगळी हालचाल धरलीय. एवढंच नाही. हालचालीचा आणि हृदयाचा संबंध पहिल्यांदा ठळकपणे दिसला तो कामगारांमध्येच. जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरांनी १९५३ साली लंडनच्या बसकामगारांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दुमजली बसचा चालक दिवसभर बसलेला आणि वाहक पाळीभर पायऱ्या चढतोय, उतरतोय, दिवसाला पाचशे ते साडेसातशे पायऱ्या. हृदयविकाराचं प्रमाण वाहकांमध्ये चालकांपेक्षा बरंच कमी निघालं. टपाल खात्यातही तसंच, पत्रं वाटणारे पोस्टमन कचेरीतल्या कारकुनांपेक्षा सुखरूप.

भाऊ : मग संपला की वाद! तुझ्याच डॉक्टरांनी माझी बाजू घेतली.

आक्का : अर्धी घेतली. मॉरिस यांनीच १९५६ साली त्याच बसकामगारांच्या गणवेशांची मापं काढली. चालकांच्या पँटी कंबरेला मोठ्या होत्या आणि तो फरक तरुण वयापासूनच दिसत होता. म्हणजे कामामुळे माणसं वेगळी झाली, की मुळात वेगळ्या अंगाची माणसं वेगळ्या कामाला लागली? हा प्रश्न त्यांनी स्वतःच उभा केला. आणि दुसरी गोष्ट. जिना चढणं हे पोतं वाहणं नव्हे. वाहक रिकाम्या हाताने चढत होता, मध्ये थांबत होता, लोकांशी बोलत होता.

भाऊ : मग पोतं वाहणाऱ्यांचं काय निघालं?

आक्का : तेच तुला आवडणार नाही. २०१८ साली १७ अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा खूप अंगमेहनतीचं काम करणाऱ्या पुरुषांत अकाली मृत्यूचा धोका हलकं काम करणाऱ्यांपेक्षा १८ टक्क्यांनी जास्त दिसला. २०२१ साली कोपनहेगनच्या एक लाख चार हजार लोकांचा अभ्यास आला. फावल्या वेळात जितकी हालचाल जास्त तितका धोका कमी आणि कामावर जितकी मेहनत जास्त तितका धोका जास्त. हालचाल तीच, परिणाम उलटे.

भाऊ : थांब. हमाली करणारा आणि बंगल्यात राहून सकाळी पळायला जाणारा, हे दोघं एका तागडीत कसे तोलले? हमालाची खोली दहा बाय दहाची, तंबाखूची पुडी खिशात, आजार अंगावर काढायची सवय, पोरगी लग्नाची. तो मेला तर पोत्याने मेला की गरिबीने, हे त्या गोऱ्यांना कसं कळलं?

आक्का : तुझी हरकत बिनतोड आहे आणि ती संशोधकांनीही घेतलीय. सिगारेट, शिक्षण, उत्पन्न यांचा हिशोब त्यांनी वजा करायचा प्रयत्न केला, पण गरिबी पूर्णपणे वजा होत नाही. त्याच २०२१ साली नॉर्वेतून चार लाखांहून जास्त लोकांचा अभ्यास आला. तिथे या गोष्टी नीट वजा केल्यावर जास्त हालचालीचं काम करणारे पुरुष उलट थोडे जास्तच जगले. म्हणजे शास्त्राचा निकाल अजून लागलेला नाही. पण एक लक्षात घे. ‘काम हाच पुरेसा व्यायाम’ असं छातीठोक सांगता येईल इतका पुरावाही कुणाकडे नाही.

भाऊ : धोका असलाच तर तो कशामुळे, ते तर सांग. घाम दोन्हीकडे येतो.

आक्का : डेन्मार्कच्या आंद्रेआस होल्टरमान या संशोधकाने त्याची कारणं मांडलीत. तुझ्या कामाशी ताडून बघ. व्यायामात हृदयाची गती थोडा वेळ खूप वाढते आणि मग तासन्‌तास खाली असते. त्या विश्रांतीत हृदय मजबूत होतं. कामात ती दिवसभर मध्यम वाढलेलीच राहते. जड ओझं उचलताना, वाकून राहताना रक्तदाब चढतो आणि नंतरही बराच वेळ उतरत नाही. व्यायाम करणारा आज छाती-दंड केले तर उद्या त्यांना सुट्टी देतो. तुला उद्याही तीच पाठ, तेच गुडघे लावायचे असतात. आणि दमलास तर थांबायचं की नाही, हे कोण ठरवतं?

भाऊ : गाडी ठरवते. ड्रायव्हरला परत जायचं असतं, आडत्याला गाळा मोकळा हवा असतो, टोळीतला एक थांबला तर बाकीच्यांवर भार येतो. पैसे पोत्यामागे आहेत, तासामागे नाहीत. ताप असला तरी माणूस भिडतो.

आक्का : हाच तो फरक. वजन लोखंडाचं की ज्वारीचं याने काही बिघडत नाही. किती उचलायचं, कधी थांबायचं आणि कधी वाढवायचं हे कुणाच्या हातात आहे, त्याने बिघडतं. व्यायाम शरीराला थोडं झिजवतो आणि भरून यायला वेळ देतो. तुझं काम झिजवतं, पण भरून यायला वेळ देत नाही.

भाऊ : हे मला पटतंय, पण एक खटकतं. आपले आण्णा क्विंटलाची पोती वाहायचे. भाकरी, झुणका, कांदा, पोटभर जेवायचे. त्यांना ना पोट होतं ना साखर. त्यांनी कुठे कॅलरी मोजल्या?

आक्का : त्यांची भूक मोजत होती. याचा अभ्यास आपल्याच देशात झालाय. जाँ मेयर या संशोधकांनी आणि त्यांच्या बंगाली सहकाऱ्यांनी कोलकात्याजवळच्या चेंगाइलच्या ताग गिरणीत २१३ पुरुषांचं खाणं, काम आणि वजन तपासलं. १९५६ साली ते छापलं. त्यात बसून काम करणाऱ्यांपासून जड ओझी वाहणाऱ्यांपर्यंत सगळे होते. हलक्या कामापासून अतिजड कामापर्यंत जसजसे श्रम वाढत गेले तसतसं खाणंही वाढत गेलं आणि वजन जागच्या जागी राहिलं. बिघाड दिसला तो बसून राहणाऱ्यांत. हालचाल कमी असूनही त्यांचं खाणं कमी झालं नव्हतं, उलट जास्त होतं, आणि वजनंही जास्त होती. भूक श्रमाचा हिशोब बरोबर ठेवते, पण हालचाल एका मर्यादेखाली गेली की तिचा ताळमेळ सुटतो.

भाऊ : मी कुठे बसून राहतो?

आक्का : रोज नाही. पण क्विंटलाची पोती जाऊन पन्नास किलोची आली, ते चांगलंच झालं. तू यार्डात पायी जायचास, आता दुचाकीवर जातोस. हंगामात गाड्यांची रांग आणि पावसाळ्यात दिवसाला एखादी गाडी. त्या दिवशी गाळ्यासमोर बसून चहा किती होतात? दर चहाला दोन चमचे साखर, सोबत क्रीमरोल किंवा वडापाव. जेवण हंगामाचं आणि काम बिनहंगामाचं, असे वर्षात पुष्कळ दिवस जातात. त्यात आपल्या लोकांचं अंग वेगळं. पुण्याच्याच केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवून दिलंय की भारतीय माणूस हातापायांनी बारीक दिसला तरी त्याच्या अंगात, विशेषतः पोटात, चरबी जास्त असते. म्हणून ७० किलोचा, दंड पिळदार असलेला हमालही मधुमेही होतो.

भाऊ : म्हणजे जेवण कमी करू?

आक्का : सरसकट अजिबात नाही. बैठ्या माणसाचा पंधराशे कॅलरीचा तक्ता घेऊन तू गाडीवर चढलास तर चक्कर येऊन पडशील. साखरेच्या काही गोळ्या आणि इन्सुलिन घेणाऱ्याने उपाशीपोटी जड काम केलं तर साखर एकदम खाली जाऊ शकते. म्हणून डॉक्टरांना ‘मी हमाल आहे, अमुक दिवशी इतकी पोती असतात’ हे आधी सांग. तुमच्या संघटनेने, हमाल पंचायतीने, ‘कष्टाची भाकर’ ही जेवणाची सोय सुरू केली ती उगाच नाही. अंगमेहनतीच्या माणसाला स्वस्त आणि पोटभर जेवण मिळणं ही त्याच्या आरोग्याची पहिली अट आहे. कमी करायचं ते चहातली साखर आणि मैद्याचं खाणं. भाकरी, डाळ, उसळ, अंडी, भाजी राहू दे.

भाऊ : आणि तुझ्या वहिनीचं काय? तिला कुठलं ॲप काही विचारत नाही. गावी होती तेव्हा शेतात राबायची, विहिरीचं पाणी आणायची. आता दोन घरची कामं आणि आपलं घर.

आक्का : बायकांच्या श्रमाचा हिशोब तर पिढ्यान्‌पिढ्या कुठल्याच खात्यात गेला नाही. पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायकांचा अभ्यास झाला. २००३ साली त्यातला एक निष्कर्ष प्रसिद्ध झाला : आईची अंगमेहनत जितकी जास्त, तितकं बाळ जन्मताना लहान. त्या बायकांची हालचाल कुठल्याही मार्गदर्शनात बसण्याइतकी भरपूर होती. कमी होतं ते अन्न आणि विश्रांती. त्यांना ‘व्यायाम झाला’ म्हणून शाबासकी देणं हा अन्याय ठरला असता. वहिनीच्या दोन घरांच्या कामाला ‘मध्यम’ श्रम धर, ५५ किलोच्या बाईला २,१३० कॅलरी लागतात. ती सगळ्यांचं झाल्यावर उरलंसुरलं खाते, तिथे हा आकडा पुरा होतो का ते आधी बघ.

भाऊ : आता सरळ सांग. मी करू काय?

आक्का : ॲप ठेवायचंच असेल तर कामाचं स्वरूप एकदाच भर, तेही वर्षाच्या सरासरीने, हंगामाच्या जोरावर नव्हे. बहुधा तुला ‘मध्यम’ लागू पडेल. व्यायामाच्या रकान्यात हमाली लिहू नकोस. मग चार आठवडे दर रविवारी सकाळी वजन आणि कंबरेचा घेर मोज. घेर वाढत असेल तर खाणं थोडं कमी कर. वजन झपाट्याने उतरत असेल, काम करताना हातपाय गळत असतील, तर वाढव आणि मला सांग. ॲपच्या पहिल्या पानावरचा आकडा हा अंदाज असतो, खरा निकाल वजनकाट्यावर लागतो. हे तुला यार्डात शिकवायला नको.

भाऊ : आणि व्यायाम?

आक्का : काम जे देत नाही तेवढाच. तुला जास्त ताकद नकोय, ती आहे. तुला दम आणि मोकळे सांधे हवेत. ज्या दिवशी गाड्या नसतील त्या दिवशी रिकाम्या हाताने अर्धा तास भरभर चाल, बोलता येईल पण गाता येणार नाही अशा गतीने. जड दिवशी चालायला जायची सक्ती नाही, त्या दिवशी लवकर झोप. रोज दहा मिनिटं पाठ उलट्या दिशेने ताणायची, मांड्यांचे मागचे स्नायू मोकळे करायचे, पोटाच्या स्नायूंचे दोन-तीन साधे व्यायाम करायचे. आणि तंबाखू सोड. या यादीतल्या कशानेही होणार नाही इतका फायदा त्याने होईल.

भाऊ : ऐकलं. पण माझं एक म्हणणं शेवटपर्यंत राहणार. डॉक्टर मला ‘व्यायाम करत नाही’ असं कागदावर लिहितो, तेव्हा तो माझी तीस वर्षांची मेहनत पुसतो. ते चूक आहे.

आक्का : चूकच आहे आणि ती मी आमच्या विभागात बोलून दाखवणार. केसपेपरवर ‘व्यायाम : नाही’ एवढं लिहून भागत नाही. काम कसलं, दिवसाला किती भार, किती तास, विश्रांती किती, हे विचारायला हवं. पण तूही माझं एक ऐक. ‘आमचं कामच व्यायाम आहे’ असं तुम्हीच म्हणत राहिलात, तर मालक खुशीने मान डोलावेल. जो फुकटात व्यायाम करून घेतोय, त्याने ओझं कमी कशाला करायचं?

भाऊ : हे मात्र खरं बोललीस. १९६९ चा माथाडी कायदा आला तो कष्टाला मोल आणि संरक्षण मिळावं म्हणून. व्यायाम होतो म्हणून नाही.

आक्का : आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९६७ सालीच सांगून ठेवलंय, की प्रौढ पुरुषाला एका वेळी ५५ किलोहून जास्त ओझं वाहावं लागत असेल, तर ते लवकरात लवकर तेवढ्यावर आणण्याचे उपाय करावेत. तुझ्या कॅलरी मोजण्याआधी यार्डात येणारं प्रत्येक पोतं त्या मापात बसतं का, हे मोजायला हवं.

भाऊ : अजूनही काही माल त्याहून जड येतो.

आक्का : मग संघटनेच्या बैठकीत तो विषय घे. दोन गाड्यांच्या मध्ये बसायला सावली, प्यायला पाणी, ट्रॉली आणि आठवड्याची सुट्टी, हेही माग. तुझ्या मेहनतीची नोंद जेवणाच्या हिशोबात एकदा धरली की पुरे. तिच्या भरपाईची, म्हणजे विश्रांतीची नोंद मात्र अजून कुणीच धरलेली नाही आणि तुझं हृदय त्या नोंदीवर चालणार आहे.

भाऊ : पुढच्या बैठकीत मांडतो. पण आकडे घेऊन तू यायचंस.

आक्का : येते. आणि येताना वजनाचा काटाही आणते. चाळिशी ओलांडलेल्या तुमच्या सगळ्या टोळीची साखर, रक्तदाब आणि कंबर त्याच दिवशी तपासू.